लाल रेघेपर्यंतचं पाणी

पत्र आलं तो पाण्याचा दिवस नव्हता. हे नेमकं सांगता येतं, कारण त्या वर्षीचा पाण्याचा तक्ता मी अजून ठेवला आहे. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. सोलापुरात राहणाऱ्याला यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, घरोघरी कॅलेंडरवर खुणा असतात. माझ्या प्रयोगशाळेत त्या खुणा भिंतीवरच्या तक्त्यात होत्या, निळ्या शाईने केलेल्या, कारण आमची निम्मी कामं त्यांच्यावरच ठरायची.

पत्र एका संशोधन नियतकालिकाच्या संपादकांचं होतं. आमचा लेख छापायची त्यांची तयारी होती. एका परीक्षकाने फक्त एक प्रयोग करून दाखवायला सांगितलं होतं. मागणी तीन ओळींची होती. मी पत्र वाचलं, छापून घेतलं, त्या तीन ओळींखाली रेघ मारली आणि दिवसाच्या यादीत लिहिलं: परीक्षकाचा प्रयोग, चाळीस मिनिटं. मग मला एका जागी बसवेना. दुपारपर्यंत मी रसायनांचं कपाट दोनदा लावलं.

लेख काय होता ते आधी सांगते. माझं काम पेशींना जोडून ठेवणाऱ्या रेणूंवर आहे. शरीरातली बहुतेक प्रत्येक पेशी शेजारच्या पेशीला धरून असते, नाहीतर आपलं यकृत, कातडी, डोळे सगळं वाळूसारखं सुटं झालं असतं. धरायचं काम पेशीच्या पृष्ठभागावरून बाहेर आलेले रेणू करतात. त्यांतल्या एका मोठ्या घराण्याला कॅल्शियम लागतं. ते असलं की हे रेणू ताठ उभे राहतात आणि समोरच्याला धरतात. काढून घेतलं की लुळे पडतात. कॅल्शियमवाचून धरणारी घराणीही आहेत, पण यकृताच्या पेशींत त्यांची पकड कच्ची असते, असं सगळे धरून चालतात. आमचं म्हणणं वेगळं होतं. कोंबडीच्या दहा दिवसांच्या गर्भातलं यकृत घेऊन पेशी सुट्या केल्या आणि कॅल्शियम नसलेल्या पाण्यात हलत ठेवल्या, तर त्या पुन्हा एकमेकींना घट्ट धरून गोळे करतात. म्हणजे आजवर कुणाला न दिसलेला एखादा रेणू तिथे असणार.

हे माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेतून निघालेलं पहिलं मोठं काम होतं. त्याआधीची वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत, दुसऱ्यांच्या प्रश्नांवर काम केलं होतं. आधी पुण्यात, मग परदेशात. वडील आजारी पडले तेव्हा परत आले आणि राहिले.

प्रयोग मात्र माझ्या हातचे नव्हते. ते मंद्रूपच्या बाईंनी केले होते. बाई मंद्रूपच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत, वय एकोणचाळीस, तीन वर्षांची अभ्यासरजा घेऊन पीएच.डी. करायला माझ्याकडे आलेल्या. रोज सकाळी स्कूटीवरून यायच्या, तोंडाला ओढणी गुंडाळून, आणि आल्या की आधी उबवणीयंत्राची काच उघडून अंड्यांवर हात ठेवायच्या. तापमान काट्यावर दिसायचं, तरी हात ठेवायच्याच. रजा मेअखेर संपत होती. नोंदणीची मुदतही तेव्हाच संपायची. प्रबंधाची तीन प्रकरणं टाइप होऊन पडली होती, ती म्हणजे आजवर इतरांनी काय केलं आणि आम्ही कोणत्या पद्धती वापरल्या. चौथं प्रकरण म्हणजे हे गोळे. चौथं प्रकरण गेलं तर प्रबंधात काही उरत नव्हतं.

परीक्षकाने मागितलेला प्रयोग असा: कॅल्शियम नसलेल्या पाण्यात पेशींचे गोळे झाले की त्यात एक रसायन घालायचं, जे कॅल्शियम कुठे चुकून शिल्लक असेल तर ते उचलून बांधून ठेवतं. गोळे तसेच राहिले तर आमचं म्हणणं खरं.

हा प्रयोग मी सुरुवातीलाच करून घ्यायला हवा होता. यादीत तो होता, सतरावा. पण रसायन संपलेलं होतं आणि मागणीचा कागद कार्यालयात अडकला होता. तोवर बाईंचे निकाल इतके चांगले यायला लागले की मी सतराव्यापुढे बाण काढून तो पुढच्या महिन्यात ढकलला. मग त्याच्या पुढच्या. माझ्या जुन्या वह्यांत ते बाण अजून दिसतात, एकाखाली एक अकरा.

आता रसायन आलेलं होतं. गुरुवारी बाईंनी पेशी सुट्या केल्या, काचेच्या लहान कुप्यांत भरल्या आणि कुप्या हलवणाऱ्या यंत्रावर ठेवल्या. चाळीस मिनिटं. या चाळीस मिनिटांत बाई स्वस्थ बसून पेपर वाचू शकत. मी नाही. मी सिंकपासून दारापर्यंत चालत राहिले.

"मॅडम, तुम्ही चाललात म्हणून त्या लवकर चिकटणार नाहीत," बाई पेपरमधून मान वर न करता म्हणाल्या.

"मला माहीत आहे."

"मग बसा की. मला कोडं सुटेना झालंय तुमच्या चपलांच्या आवाजात."

गोळे झाले, नेहमीसारखे, नुसत्या डोळ्यांनी दिसतील असे. बाईंनी एका कुपीत ते रसायन सोडलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर कुपीतलं पाणी दुधाळ झालं होतं. एकही गोळा नव्हता. पेशी सगळ्या सुट्या.

मी कुपी उचलून हलवून पाहिली. मग मी म्हणाले, "रसायन खराब असेल."

"कालच फोडलंय."

"मग जास्त पडलं असेल."

बाईंनी मला मापाची नळी दाखवली. बरोबर तितकंच पडलं होतं. तरी आम्ही शुक्रवारी पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. याचा अर्थ साधा होता, आणि तो मला शुक्रवारी दुपारी जेवताना घास हातात असताना पुरता कळला. आमच्या कॅल्शियम नसलेल्या पाण्यात कॅल्शियम होतं.

मी त्या दिवशी बाईंना तसं सांगितलं नाही. "दोन दिवस थांबा, मी तपासते," इतकंच म्हणाले. त्यांनी पिशवी भरली आणि गेल्या. दारात थांबून म्हणाल्या, "मॅडम, लिहायचं थांबवू का मी? चौथं?"

"थांबवू नका."

हे मी का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही.

शनिवारी सकाळी मी एकटीच आले आणि संशयितांची यादी केली. दहा होते. मीठ, साखर, विकर, काचेची भांडी, झाकणाचं रबर, गर्भ धुतो ते भांडं, असं सगळं. कठीण पाणी तपासायची एक सोपी परीक्षा आहे, ती आम्ही बी.एस्सी.च्या मुलांकडून करून घेतो. एक शाई घालायची. पाण्यात कॅल्शियमसारखं काही असेल तर रंग लालसर होतो, नसेल तर निळा. महिन्याच्या तपासणीसाठी यंत्रातून थेट घेतलेलं बाटलीभर पाणी होतं, त्यात मी एकेक वस्तू घालून बघत बसले. मीठ निळं. साखर निळी. कुप्या निळ्या. नऊपर्यंत सगळं निळं आलं आणि मला प्रत्येक निळ्याबरोबर जास्तच अस्वस्थ वाटायला लागलं. दहावं कॅनमध्ये साठवलेलं डिस्टिल्ड पाणी होतं. ते मी शेवटी ठेवलं होतं, कारण त्याच्यावर माझा सगळ्यांत जास्त विश्वास होता. ते काढायचं यंत्र मी स्वतः बसवून घेतलं होतं आणि दर महिन्याला त्यातलं पाणी मीटर लावून तपासत होते.

कॅनमधलं पाणी लाल आलं.

मला खुर्चीवर बसायला हवं होतं. त्याऐवजी मी भिंतीवरचा पाण्याचा तक्ता काढला, बाईंच्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या आणि दोन्ही टेबलावर शेजारी पसरले. तारखा जुळवायला तास लागला. पाणी आल्यावर तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी केलेल्या प्रयोगांत मोठे गोळे. पाण्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी केलेल्यांत जवळपास काहीच नाही. त्या पडलेल्या प्रयोगांपुढे बाईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अंडी जुनी असावीत, मॅडमशी बोलले, वगळले.' अंडी जुनी असावीत हे माझंच मत होतं. एकदा नाही, चौदा वेळा मी ते दिलं होतं.

पहिल्यांदा पेशी पुन्हा जुळताना मी पाहिल्या त्या उजनीच्या पाण्याकाठी. बी.एस्सी.ची सहल होती. एका मोटारीचा पाण्यातला पाइप वर काढलेला होता आणि त्याला हिरवट खरबरीत काहीतरी चिकटलं होतं. आमच्या सरांनी सांगितलं, हा गोड्या पाण्यातला स्पंज, हा प्राणी आहे. मोटारीच्या मालकाला ते पटलं नाही. "कसला प्रानी, घान हाय ती. न्या समदी," तो म्हणाला. सरांनी तुकडा पातळ कापडातून बरणीतल्या पाण्यात पिळला. पाणी गढूळ झालं, बाकी काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीच्या तळाशी हिरवे ठिपके होते, सुटे झालेले पुन्हा एकत्र आलेले. बाकीची मुलं बसमध्ये गेली आणि मी बरणीपाशी उभी राहिले. त्या बरणीत आमच्या सरांनी धरणाचंच पाणी घेतलं होतं. कॅल्शियम भरपूर असणार. हे शनिवारी टेबलापाशी माझ्या मनात आलं आणि मला स्वतःचाच राग आला. तीस वर्षं याच विषयात आहे, आणि पाण्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी मी मामांना बोलावलं. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. मूळचे करमाळ्याकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. भांडी धुणं, यंत्र चालवणं, कॅन भरणं हे त्यांच्याकडे. मामांइतका सूचना पाळणारा माणूस मी पाहिलेला नाही. सिंकच्या वर मी लावलेली यादी त्यांनी स्वतः प्लास्टिकमध्ये घालून आणली होती, पाणी उडून शाई फुटू नये म्हणून.

"मामा, या कॅनमध्ये पाणी कुठून येतं?"

"यंत्रातनं की."

"रोज?"

"रोज कसं यील? यंत्राला गार करायला धारंचं पानी लागतंय. नळ आसंल तवाच यंत्र. बोअरचं घालायचं न्हाय म्हनून तुमीच लिवलंय. एक नंबर."

बोअरच्या पाण्याने यंत्राची पाणी तापवणारी कांडी क्षाराने भरून जाते, म्हणून मी तो नियम केला होता. पहिला नियम.

"मग नळ नसेल त्या दिवशी कॅन खाली झाला तर?"

"खाली होऊ द्येत न्हाय." मामांनी यादीवर बोट ठेवलं. चौथा नियम. कॅनमधलं पाणी लाल रेघेच्या खाली जाऊ देऊ नये. ती रेघ मीच मार्करने कॅनवर ओढली होती. अर्थ असा होता की रेघेपर्यंत आलं की मला सांगावं, म्हणजे मी कामं पुढे-मागे करीन. पण तसं मी लिहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात होतं.

"मग कशाने भरता?"

"फिल्टरच्या पान्यानं. व्हरांड्यातल्या." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "स्वच्छ आसतंय म्याडम. तुमी बी त्येच पिता की."

व्हरांड्यातला फिल्टर बोअरचं पाणी गाळतो आणि गार करतो. माती जाते. कॅल्शियम जात नाही, ते पाण्यात विरघळलेलं असतं.

"किती दिवसांपासून?"

"रेघ मारली तवापासनं. तीन वर्सं झाली. रेघेखाली गेलं न्हाय एकदा बी. घरी पिंपाचं बी आमी आसंच करतो, तळ दिसू द्येत न्हाय." मग ते थोडं थांबून म्हणाले, "मी चुकलो व्हय?"

"नाही. मी चुकले."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. ते उभेच राहिले. मी दर महिन्याला पाणी तपासायचे ते यंत्रातून थेट पडणारं, ताजं, पाण्याच्याच दिवशी. कॅनमधलं मी एकदाही तपासलं नव्हतं.

बाई नऊला आल्या. अंड्यांवर हात ठेवला, ओढणी काढली. मी त्यांना टेबलापाशी बसवून तक्ता आणि वह्या दाखवल्या आणि सगळं सांगितलं. तासाभराचं व्याख्यान द्यायची मला सवय आहे, हे पाच मिनिटांत संपलं. त्या वही उलटत राहिल्या. वगळलेल्या प्रयोगांवर एकेक करून बोट ठेवत गेल्या.

"म्हणजे तीन वर्षं मी फिल्टरच्या पाण्याचा अभ्यास केला."

मी तक्त्याचे कोपरे सरळ करायला लागले.

"गावात सगळ्यांना सांगितलंय मी. आमच्या सासूबाई तर सांगतात, सूनबाईनं नवीन काहीतरी शोधलंय. काय ते त्यांना ठाऊक नाही, पण शोधलंय." त्या हसल्या आणि मग हसू गेलं. "मॅडम, लेखाचं ठीक आहे. तो तुम्ही परत घेणार, ते मला दिसतंय. पण प्रबंध? प्रबंध वाचणाऱ्यांनी हा प्रयोग मागितलेला नाही."

हे त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं. मी आठवड्याच्या शेवटी एका कागदावर दोन रकाने केले होते आणि त्यात हाच प्रश्न होता, म्हणून मला त्यांचा राग आला नाही. उलट आपलीच चोरी दुसऱ्याने बोलून दाखवल्यासारखं झालं. माझ्या डाव्या रकान्यात चार मुद्दे होते आणि ते चारही बरे वाटत होते. रजा संपते. मुदत संपते. चूक त्यांची नाही. कुणाला कळणार नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं मला आत्ता चहा पाहिजे," बाई म्हणाल्या.

त्या चहाला गेल्या. वीस मिनिटं आल्या नाहीत. मी तोवर चार नंबरच्या नियमाखाली नवीन ओळ लिहायला घेतली, तीनदा खोडली. त्या परत आल्या तेव्हा हातात व्हरांड्यातल्या फिल्टरचं पाणी भरलेला पेला होता. त्यांनी ती शाई मागितली, दोन थेंब टाकले आणि पेला उजेडात धरला. लालभडक.

"दर वर्षी पोरांना करून दाखवते मी हे," त्या म्हणाल्या. "मंद्रूपच्या पाण्यात ह्याहून लाल येतं." पेला खाली ठेवला. "मेअखेरपर्यंत पाणी किती वेळा येतंय, मोजा की."

आम्ही तक्त्यावर मोजलं. आठ वेळा, सगळं सुरळीत झालं तर. प्रत्येक पाण्याच्या दिवशी ताजं पाणी थेट यंत्रातून बाटलीत घ्यायचं आणि प्रयोग त्याच दिवशी उरकायचा. पण गर्भ दहाच दिवसांचा हवा. म्हणजे अंडी उबवायला ठेवायची ती दहा दिवस आधी, नळाचा अंदाज धरून. पहिले दोन दिवस आधीच ठेवलेल्या अंड्यांवर भागणार होते. पुढच्यांसाठी मागे मागे मोजत जायचं. हे काम माझ्या हातचं होतं. मी सकाळभर तक्ता आखला, आणि गुरुवारनंतर पहिल्यांदा माझे पाय टेबलाखाली एका जागी राहिले.

"आणि गोळे झालेच नाहीत तर?" मी विचारलं.

"तर झाले नाहीत असं लिहू."

"प्रबंध बारीक होईल."

"बारीक तर बारीक. मला तो डोक्यावर मिरवायचा नाही."

नवीन नियम मी त्याच दिवशी लावला: रेघेपर्यंत आलं की भरू नये. मला सांगावं. मी काम थांबवीन. मामांनी तो प्लास्टिकमध्ये सरकवला. मग विचारलं, "खरंच थांबवनार?"

"खरंच."

त्यांनी मान हलवली ती हो म्हणून नव्हती. तीन वर्षांत मी काम थांबवलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

पहिल्या पाण्याच्या दिवशी कुप्यांत काही झालं नाही. पेशी चाळीस मिनिटं हलल्या आणि सुट्याच राहिल्या. शेजारच्या कुपीत आम्ही मोजून कॅल्शियम घातलं होतं, तिथे गोळे. बाईंनी लिहून घेतलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी चालले नाही, खिडकीपाशी उभी राहिले. मनात कुठेतरी होतं की एखाद्या वेळी होतील. एखादा तरी गोळा. तो रेणू असेलच कुठेतरी, फक्त थोडा. चौथ्यांदाही झालं नाही. पाचव्यांदा मामा आत आले आणि म्हणाले, "आज तरी चिकटल्यात का?" आणि बाई म्हणाल्या, "मामा, आता चिकटल्या तर मी तुमच्यावर संशय घेईन." मामा मोठ्याने हसले. त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच हसले.

त्या दिवशी मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तीन वर्षं त्यांनी भांडी धुतली होती, कुणी त्यांना आत पाहायला सांगितलं नव्हतं. एक काच कॅल्शियमची, एक बिनकॅल्शियमची. ते एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले.

"ह्या सुट्या."

"हो."

"आन ह्या धरून बसल्यात. फरक पान्याचाच?"

"पाण्यात विरघळलेल्याचा."

"मग फिल्टरचं वततानी मी ह्यांना ह्ये खायला घालत व्हतो."

"तसंच."

त्यांनी काचा आणखी एकदा बदलून घेतल्या आणि दोन्ही पाहिल्या.

सहाव्या वेळी पाणी आलं नाही. सकाळी साडेनऊपर्यंत आम्ही नळ उघडा ठेवून बसलो. अंडी दहाव्या दिवसाची, आज वापरायची किंवा मग कधीच नाही. बाई अंड्यांची परात घेऊन उभ्या होत्या. मी कॅनकडे बघत होते. कॅनमध्ये मागच्या वेळचं पाणी होतं, त्यात फिल्टरचा एक थेंबही नव्हता, मीच तपासलं होतं. भांडी धुवून आणि द्रावणं करून कसाबसा एक प्रयोग निघाला असता, निदान मला तसं वाटलं. मी मोजायला लागले.

मामा आले आणि कॅनपाशी वाकले. त्यांनी बोटाने रेघ दाखवली. पाणी दोन बोटं खाली होतं.

"म्याडम, रेघेखाली गेलंय," ते म्हणाले. "भरलं न्हाय. सांगतोय."

परात बाईंच्या हातात होती. मला माहीत होतं की कमी पाण्यात करायला गेलो तर एक वेळचं धुणं कमी होईल, मग काहीतरी राहून जाईल, आणि त्या कुपीत गोळा दिसला तर मी तो खरा धरीन. मला तो दिसायला हवा होता. म्हणूनच करायचं नव्हतं.

"थांबवते," मी म्हणाले.

मामांनी मान हलवली, या वेळी हो म्हणून. बाईंनी परात टेबलावर ठेवली आणि वहीत लिहिलं: पाणी नाही, प्रयोग नाही. बाजारात बॅटरीसाठीचं पाणी मिळतं, ते आणू का असं मामांनी विचारलं. आणखी एक अनोळखी पाणी नको, असं आम्ही दोघी एकदमच म्हणालो. उरलेला दिवस मी काय करत होते ते आठवत नाही. मी बहुधा सगळी लेबलं पुन्हा लिहिली.

बाकीचे दोन प्रयोग झाले. एकूण सात. सातांत एकही गोळा नाही. बाईंनी चौथं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. यकृताच्या या पेशींना कॅल्शियमशिवाय पकड नाही, आणि आम्हाला ती दिसली होती ती का दिसली होती. संपादकांना मी लेख परत घेत असल्याचं कळवलं, चार ओळींत, कारणासह. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. परीक्षकाने आभार कळवले होते.

पाण्याबद्दलचं पान बाईंनी मला वाचायला दिलं. त्यांनी लिहिलं होतं, 'साठवणीतील त्रुटीमुळे पाण्यात कॅल्शियम मिसळले गेले.' मी ते खोडून लिहिलं, 'मार्गदर्शकांच्या लेखी सूचनेतील त्रुटीमुळे.' त्यांनी वाचलं. "प्रबंधात मार्गदर्शकाची चूक कुणी लिहीत नाही हो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, असू द्या. मग ते पान मामांनाही वाचून दाखवलं, कारण ते दारात उभे होते आणि त्यांना माहीत होतं की ते त्यांच्याबद्दल आहे.

"माजं नाव न्हाय की ह्यात," मामा ऐकून म्हणाले.

"नाही मामा. तुमच्यावर काही येऊ नये म्हणून."

"आसं कसं? तीन वर्सं पानी मी भरलं. ते सात टायमाला बी यंत्र मीच लावलं. चुकीत न्हाय तर न्हाय, पन कुटंतरी घाला की."

बाईंनी आभाराच्या पानावर त्यांचं नाव घातलं, माझ्या नावाच्या खाली, स्वतःच्या नवऱ्याच्या वर. छापील पान त्यांनी मामांना दाखवलं तेव्हा मामांनी ते हात पुसून मग हातात घेतलं.

प्रबंध मेच्या शेवटच्या कामाच्या दिवशी दिला गेला. बारीक झाला होता. बाई दुसऱ्या आठवड्यात मंद्रूपला रुजू झाल्या. जाताना त्यांनी दोन बाटल्या भरून नेल्या, एक यंत्रातल्या पाण्याची आणि एक व्हरांड्यातल्या, वर्गात शाई घालून दाखवायला. तोंडी परीक्षा पुढे झाली. एका परीक्षकाने पाण्याच्या पानावरच अर्धा तास प्रश्न विचारले आणि बाईंनी उत्तरं दिली. त्या आता डॉक्टर आहेत. सासूबाई अजून सांगतात की सूनबाईने नवीन काहीतरी शोधलं. बाईंनी दुरुस्त करायचा प्रयत्न सोडून दिला आहे.

माझी अस्वस्थता काही गेली नाही. महिन्यातून एकदा मी कॅनमधलं पाणी तपासते, आणि मग ते पुरेसं वाटत नाही म्हणून आठवड्यातून एकदा तपासते. नवीन प्रश्नाच्या यादीत जो प्रयोग निकाल मोडू शकेल तो आता पहिला लिहिते, सतरावा नाही. तो पहिला लिहिताना हात जड होतो, तरी लिहिते. गेल्या आठवड्यात मामांनी व्हरांड्यातून हाक मारून सांगितलं की पाणी रेघेखाली गेलंय. माझ्या हातात कुप्या होत्या, भरायला घेतलेल्या. मी त्या परत रिकाम्या मांडणीत ठेवल्या आणि तक्त्यापाशी जाऊन पुढचा दिवस शोधायला लागले.